वाइन गल्लोगल्ली, पाणी स्मशानात

साडेसातशे मिलिलिटर पाणी. एवढ्याशा पाण्यावरून एका फ्रेंच आजोबांनी भर दुपारी मला चोर ठरवलं, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही. पाणी तरी कसलं, नळाचं. आणि नळ कुठला, तर स्मशानातला.

स्मशानात सायकलवाल्याचं काय काम, असं जो विचारेल त्याने बोजोलेत उन्हाळ्यात सायकल चालवलेली नाही. फ्रान्समधल्या लियों शहराच्या उत्तरेला सोन नदीचं सपाट खोरं आणि त्याच्या पश्चिमेला द्राक्षमळ्यांनी झाकलेले डोंगर, असा हा पट्टा. सॅंतामूर, जुलिएना, शेना, मुलॅं-आ-व्हां, फ्लेरी, शिरूब्ल, मॉर्गों, रेन्ये, ब्रुयी आणि कोत द ब्रुयी ही वाइनची दहा नामांकित क्षेत्रं एकाला एक खेटून बसलेली आहेत. दर वळणावर 'या, चाखून बघा' अशी पाटी. पाण्यासाठी पाटी एकच, आणि ती नकाराची: 'पिण्यायोग्य नाही.' गावात दगडी कारंजं असतं, जुना धुण्याचा घाट असतो, त्यात थंडगार पाणी खळखळत असतं, आणि नेमकं त्याच्याच डोक्यावर ही पाटी. तिचा अर्थ पाणी वाईट आहे असाच असतो असं नाही. कित्येकदा ते कुणी तपासलेलं नसतं, एवढंच. पण 60 किलोमीटर पुढे पोटात कळ आली की हा बारकावा काही उपयोगाचा नाही.

म्हणून फ्रान्समधला जुना सायकलस्वार नव्याला जो पहिला धडा देतो तो गिअरचा नसतो, स्मशानाचा असतो. गाव कितीही लहान असो, स्मशान असतंच. बहुधा वस्तीच्या कडेला, उंच भिंतीच्या आत. थडग्यांवरच्या कुंड्यांना घालायला तिथे नळ असतो आणि तो सहसा गावाच्या नळपाणी योजनेवरच असतो. नळावर नकाराची पाटी नाही ना, एवढं बघायचं. हिवाळ्यात पाइप गोठून फुटू नयेत म्हणून हे नळ बंद करतात, तेव्हा त्या दिवसांत भरवसा ठेवायचा नाही. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं पाणपोई काढतात, वर 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहितात. इथे मधला टप्पा वगळलाय. पाणी थेट कैलासवासीयांकडेच मागायला जायचं.

पण त्याआधी मैदान पार करावं लागतं.

सोन ही अतिशय निवांत नदी. पाणी कोणत्या बाजूला चाललंय हे नुसतं बघून कळत नाही, असं ज्युलियस सीझर दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेला, आणि त्यात काही सुधारणा झालेली नाही. तरीही 'उत्तरेकडून दक्षिणेला जा, नदीसोबत उतार लागेल' असं सांगणारे शहाणे भेटतातच. अहो, उतार नदीलाच सापडलेला नाही, तो मला कुठून मिळणार? या मैदानात चढ आणि उतार ठरवतो वारा. उत्तरेची कोरडी, गार 'बीझ' पाठीशी असली तर लियों कधी आलं ते कळत नाही. उन्हाळ्यात गरम दक्षिणवारा सुटला की तोच रस्ता चढाचा होतो. ताशी 25 किलोमीटरनं चाललेल्या माणसासमोर ताशी 20 चा वारा आला तर हवा 45 च्या वेगानं अंगावर येते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे सव्वातीनपट. डोंगर एकदा तरी संपतो. हा वारा दक्षिणेच्या व्हिलफ्रांश गावात सुरू होतो आणि उत्तरेच्या माकोंलाही तोच असतो. उपाय सोपा आहे, पण तो आदल्या रात्री करायचा: अंदाज बघून, ज्या बाजूनं वारा येणार त्या टोकाला ट्रेननं जायचं आणि सायकलनं परत यायचं. लियों, माकों, तुर्नू, शालों ही लोहमार्गाची रांग नदीच्याच कडेनं जाते आणि प्रादेशिक गाड्यांत सायकलला सहसा वेगळं तिकीट पडत नाही. जागा मिळते का, हा वेगळा प्रश्न. रविवारी संध्याकाळी तो विचारूच नये.

नदीकाठच्या सायकलमार्गाचं नाव 'निळी वाट', नंबर व्ही-50. लक्झेंबर्गच्या सीमेपासून लियोंपर्यंत 700 किलोमीटरच्या आसपास. पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी जी काठावरची वाट होती, बरीचशी तीच. काही पट्टे गुळगुळीत डांबराचे, काही दाबून बसवलेल्या बारीक खडीचे. 28 मिलिमीटर रुंदीचे टायर इथे चालतात, 32 चे सुखानं चालतात, 23 चे घेऊन येणाऱ्याला मी काही बोलत नाही, त्याचे मणके बोलतील. पॉपलरची झाडं आहेत तिथे सावली आहे, आणि त्याच झाडांच्या मुळांनी डांबर खालून उचललेलं आहे, म्हणजे सावलीची किंमत बुडाला मोजायची. नदीला पूर आला की वाट पाण्याखाली जाते, आणि सोन जशी सावकाश चढते तशीच सावकाश उतरते. पाणी गेल्यावरही चिकट गाळ मागे राहतो. त्यावर ब्रेक दाबायचा नाही.

आणि मच्छीमार. यांच्या काठ्या 11 ते 13 मीटर लांब असू शकतात. त्यांना रीळ नसतं. मासा लागला की काठी मागे सरकवत नेतात, आणि मागे काय असतं? निळी वाट. काठी कार्बनची असते आणि तुमच्या सायकलपेक्षा महाग असू शकते, म्हणून घंटी लांबूनच वाजवावी. घंटी फ्रेंच कायद्यानं सक्तीचीच आहे. वाजवली की मच्छीमार दचकतो आणि मासे गेले म्हणून तुम्हाला शिव्या घालतो. न वाजवली तर काठी मोडते. यातलं काय निवडायचं ते कायदा सांगत नाही.

आता पाण्याचा हिशेब. सावलीतलं तापमान तिशीच्या वर गेलं की तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. 750 च्या दोन बाटल्या, म्हणजे फार तर दोन तास. लिटरला पाव चमचा मीठ, थोडी साखर, लिंबू. आपलं घरगुती सरबत या कामात बाजारातल्या रंगीत पावडरींना भारी पडतं. पण सरबताला आधी पाणी हवं, आणि फ्रेंच खेड्यात दुपारी 12 ते 2 या वेळात पाणी विकत घेण्याचा प्रयत्न करून बघावा. बेकरी बंद. किराणा बंद, किंवा दहा वर्षांपूर्वीच कायमचा बंद. ग्रामपंचायतीचं ऑफिस आठवड्यातून दोन दुपारी उघडतं, आणि आज त्यातली नाही. सोमवार असेल तर आशा सोडावी. रस्त्याच्या कडेला बॅगेटचं यंत्र भेटतं. नाणं टाकलं की हातभर लांब पाव बाहेर येतो. पाणी येत नाही. घसा कोरडा पडलेल्या माणसाच्या हातात कुरकुरीत पाव देणं यात काय माणुसकी आहे?

उपाहारगृहांनी नळाचं पाणी फुकट द्यावं आणि ते मागता येतं हे ग्राहकाला दिसेल असं लिहून लावावं, असा नियम 2022 पासून आहे. नियम उत्तम आहे. त्यासाठी उपाहारगृह असावं लागतं. सार्वजनिक स्वच्छतागृहात बेसिन असतं, पण नळ इतका खाली की बाटली उभी मावत नाही. तिरकी धरली की निम्मी भरते आणि उरलेलं पाणी बाहीतून कोपरापर्यंत जातं. यासाठी घडी होणारी मऊ प्लॅस्टिकची थैली जवळ ठेवावी. ती नळाखाली चपटी सरकते, भरते, मग बाटलीत ओतायची. वजन नगण्य. हा या लेखातला सगळ्यात कामाचा सल्ला आहे, बाकीची कुरकुर वगळली तरी चालेल.

तर, स्मशान.

स्मशानात शिरताना एक काळजी घ्यायची. आतल्या वाटांवर खडी असते आणि रोडबाइकच्या बुटांना खाली क्लीट, म्हणजे पेडलला अडकणारे प्लॅस्टिकचे मोठे तुकडे, असतात. खडी त्यात जाऊन बसते आणि बाहेर आल्यावर बूट पेडलला अडकत नाही. मग भिंतीला टेकून काडीनं ती उकरत बसावं लागतं. क्लीटवर रबरी टोप्या चढवाव्यात, किंवा क्लीट खोलगट तळात लपतो असे दोन बोल्टचे बूट घालावेत. त्या दिवशीच्या स्मशानाच्या फाटकावर नोटीस होती, पाणीटंचाईची: सकाळी 8 ते संध्याकाळी 8 झाडांना पाणी घालू नये. अशा नोटिशींच्या तिथे चार पायऱ्या असतात. नुसत्या सावधगिरीपासून थेट संकटापर्यंत. ही मधली होती.

आत एक आजोबा. कॉटनची टोपी, निळा कामाचा डगला, हातात दहा लिटरची हिरवी झारी. झारी काठोकाठ भरलेली. वेळ दुपारचा एक.

मी बाटली नळाखाली धरली तेवढ्यात मागून आवाज आला.

"महाशय, हे पाणी सार्वजनिक नाही."

"मग कुणाचं आहे?"

"इथे राहणाऱ्यांचं." आणि त्यांनी झारीनंच सगळ्या थडग्यांवरून एक अर्धवर्तुळ काढलं. त्यातलं लिटरभर तरी पाणी खडीवर सांडलं. "तुमचं इथे कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नाही. मी फाटकावरच्या नोटिशीकडे बोट केलं आणि शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं, की दिवसा झाडांना पाणी घालायला बंदी आहे असं दिसतंय.

"नोटीस फुलांसाठी आहे," आजोबा म्हणाले. "मी फुलांना पाणी घालत नाहीये. सासूबाईंना घालतोय."

आणि घातलं. सबंध झारी, धिम्या गतीनं, लाल जिरेनियमच्या चार कुंड्यांवर. कुंड्यांतून पाणी वाहिलं, ग्रॅनाइटवरून ओघळलं, शेजारच्या थडग्यापर्यंत गेलं. शेजाऱ्यांना ते फुकट मिळालं. त्यांना कुणी नातं विचारलं नाही.

"हयातीत त्यांनी पाण्याला कधी तोंड लावलं नाही," आजोबा म्हणाले. "आता काय करतील, तक्रार?"

मग माझी चौकशी सुरू झाली. कुठून आलात? लियोंहून. नाही, मुळात कुठून? भारतातून. यावर त्यांनी सुस्कारा सोडला, प्रश्न सुटल्याचा.

"मग तुम्हाला काय, उन्हाची सवयच असेल."

इथे मला थोडं विषयांतर करावं लागेल, कारण हे वाक्य ऐकवणारे ते एकटे नाहीत. युरोपात पारा 35 च्या वर गेला की प्रत्येक जण भारतीय माणसाकडे वळून हे म्हणतो, जणू जन्माच्या दाखल्यासोबत आपल्याला ऊन न लागण्याचं प्रमाणपत्र मिळतं. अहो, आम्हाला उन्हाची सवय आहे म्हणजे काय, तर उन्हात बाहेर न पडण्याची सवय आहे! एप्रिलच्या दुपारी एक वाजता विदर्भात, मराठवाड्यात कोणता शहाणा माणूस घाटात सायकल चालवतो? तो खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून ताक पीत बसलेला असतो. बाहेर पडलाच तर डोक्याला उपरणं, खिशात कांदा. घाम सगळ्यांचा सारखाच खारट असतो आणि त्यातून जाणारं मीठ पासपोर्ट बघून जात नाही. हे सगळं मला फ्रेंचमध्ये म्हणायचं होतं. क्रियापदं जुळवेपर्यंत आजोबा माझ्या सायकलपाशी पोचले होते.

त्यांनी मागच्या टायरवर अंगठा दाबला.

"हवा नाही."

"पाच बार आहे."

"आठ हवी."

हा वाद जुना आहे. बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप. 20-21 मिलिमीटरच्या, रिमला चिकटवलेल्या ट्यूब्युलर टायरांच्या काळात आठ बार भरत असत, आणि टणक म्हणजे वेगवान असं सगळे मानत. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत पुढे जायची ताकद वर जाते. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो, टायर 28 चा, तर मागे पाच आणि पुढे थोडी कमी, एवढी हवा पुरते; खडीच्या पट्ट्यात अर्धा बार आणखी काढला तरी चालतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा अंगठा दाबला, माझ्याकडे बघत, पुरावा म्हणून.

मग त्यांना कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, दिसली. सगळ्यात मोठी चकती 34 दात्यांची. ते वाकले, टोपी मागे सरकवली, आणि बोटानं दाते मोजायला लागले. मधे चुकले, परत पहिल्यापासून मोजले. मी हातात रिकामी बाटली धरून उभा.

"ही ताटली कशासाठी? चीज ठेवायला?"

"चढासाठी."

"मी आव्हनाच्या खिंडीत पुढे 42 आणि मागे 23 दात्यांवर जायचो. जेवणाच्या आधी."

"पाणी किती न्यायचात?"

"पाणी?" त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य उमटलं. "पाणी जड असतं."

यानंतर त्यांनी पिशवीतून लेबल नसलेली एक बाटली काढली. भाच्याच्या मळ्यातली गामे. ही इथली लाल द्राक्षाची जात. नाशिकसारखी मांडवावर चढवलेली नसते, कमरेच्याही खाली, बुटक्या झुडपांत वाढते. शेजारच्या बर्गंडी प्रांताचा सरदार फिलिप यानं 1395 साली फर्मान काढून गामेला दुष्ट आणि बेइमान ठरवलं आणि वेली उपटायला लावल्या. त्याचा अंमल जिथे चालत नव्हता त्या बोजोलेत ती टिकली. इथल्या लोकांच्या मनात तो सहाशे वर्षांचा डंख अजून असावा. कारण बाटली नको म्हणताच आजोबांचा चेहरा असा झाला की फर्मान मीच काढलंय.

मी कायदा पुढे केला. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा, लिटरला 0.5 ग्रॅम, सायकलस्वारालाही लागू आहे. पकडलं तर 135 युरोपासून सुरुवात. आजोबा म्हणाले, प्यायला कोण सांगतंय, घेऊन जा. आणि त्यांनी ती बाटली माझ्या सायकलच्या बाटलीच्या पिंजऱ्यात घालायला सुरुवात केली.

ती बसत नाही. कुठल्याच सायकलवर बसत नाही. पिंजरा साधारण 74 मिलिमीटर व्यासाच्या बाटलीसाठी बनवलेला असतो. बोर्दोची सरळ खांद्यांची बाटली एखादे वेळी घुसते. बोजोलेत बर्गंडीच्या घाटाची, उतरत्या खांद्यांची आणि पोटाशी आठ सेंटीमीटरच्या पुढे गेलेली बाटली वापरतात. हे मी बोलत होतो आणि ते गुडघा लावून दाबत होते. कट्, असा आवाज आला.

"आता बसेल," आजोबा म्हणाले.

बसली नाही. पिंजऱ्याचा एक कान तुटला होता. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"चिनी."

"इटलीत बनलाय."

"मग त्याहून वाईट."

शेवटी पाणी मिळालं. नळाचं बटण त्यांनी स्वतः दाबलं, आणि बाटली निम्मी भरल्यावर सोडलं. मी म्हटलं, अजून थोडं. ते म्हणाले, पुरे, पुढे सपाट आहे. मोठ्या रस्त्यानं जाऊ नका, लांब पडतो. भिंतीपासून डावीकडे मळ्यातनं जा. सपाट आहे, असं त्यांनी पुन्हा सांगितलं आणि दहा लिटरची झारी दुसऱ्यांदा नळाखाली लावली.

इथल्या माणसांच्या 'सपाट'बद्दल आता स्पष्ट बोलायला हवं. सोनचा काठ समुद्रसपाटीपासून 170 मीटरच्या आसपास, आणि फ्लेरी, शिरूब्लवरून वर गेलं की आव्हनाची खिंड 740 च्या आसपास. मोठा रस्ता वळणं घेत, फ्लेरीच्या पुढे सरासरी पाच-सहा टक्क्यांनी चढतो. तो खरोखर सुखाचा आहे. मळ्यांतले आडरस्ते वळणं घेत नाहीत. ते ट्रॅक्टरसाठी केलेले, वेलींच्या रांगांना समांतर, सरळ वर. 12 टक्के, मधूनच 15. वेली कमरेच्याही खाली, म्हणजे सावली फक्त पोटऱ्यांना. हे उतार बरेचसे पूर्वेला आणि आग्नेयेला तोंड करून आहेत. द्राक्षाला सकाळचं ऊन लाभतं आणि सायकलस्वाराला तेच सोसावं लागतं. चढायचं तर अगदी पहाटे, नाहीतर संध्याकाळी डोंगराची सावली मळ्यावर उतरल्यावर.

12 टक्क्यांच्या चढावर 85 किलो वजन ताशी सातच्या वेगानं न्यायला सुमारे 200 वॅट लागतात. पुढे 34 आणि मागे 34 असेल तर पाय मिनिटाला 55 फेरे फिरतात. हे बरं. मागे 28 असेल तर 45 च्या आसपास, गुडघे बोलायला लागतात. आजोबांच्या 42 आणि 23 वर 30 फेरे. म्हणजे दोन सेकंदांत एक. ते तसे गेले असतील. मी खोटं म्हणत नाही. गुडघ्यांचं पुढे काय झालं हे विचारायचं राहिलं. पण इतकं नक्की की ताटली म्हणून हिणवलेल्या त्या चकतीशिवाय या रस्त्यावर पायी जाण्यात जास्त शान आहे.

आणि वर पोचल्यावर उतारावर खडी. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात लहान रस्त्यांवर डांबराचा पातळ थर फवारतात आणि वर सुटी खडी पसरतात. ती दाबायचं काम पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांवर सोपवतात. म्हणजे रस्ता बांधायला मजूर आपण. उन्हात डांबर पाघळतं, टायरला चिकटतं, त्याला खडी चिकटते, आणि ब्रेकच्या फटीत खर्रर्र आवाज सुरू होतो. अशा वेळी वळणाच्या आधीच वेग कमी करावा, वळताना सायकल तिरकी करू नये, पुढचा ब्रेक हळू, आणि मोटारींच्या चाकांनी जी दोन पट्ट्यांत खडी बसवली आहे त्यातल्याच एकावरून जावं. थांबून टायरवरचे खडे हातानं काढावेत. ते आत रुतले तर पंक्चर दुसऱ्या दिवशी होतं, जेव्हा कारण आठवत नाही. सप्टेंबरमध्ये तोडणी चालू असते तेव्हा खडीऐवजी चिरडलेली द्राक्षं आणि चिखल. बोजोलेत तोडणी बरीचशी हातानं होते, त्यामुळे तोडणाऱ्यांच्या व्हॅन कुठेही उभ्या. आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट, हा नियम पाटी नसेल त्या चौकात लागू; मळ्यांतल्या डांबरी आडरस्त्यानं ट्रॅक्टर उजवीकडून आला तर हक्क त्याचा, आणि तो हक्क वापरतो. हे ट्रॅक्टर वेलींच्या रांगेवर तंगड्या टाकून चालणारे, उंच. चालकाला खाली सायकल दिसेल असं गृहीत धरू नये.

मला एक कळत नाही. या भागात सायकलस्वारांसाठी काही करत नाहीत असं नाही. फ्रान्समधली पहिली हरित वाट इथेच, जुन्या लोहमार्गावर, 1997 साली जिव्री ते क्लुनी अशी झाली. पुढे ती माकोंकडे नेली. तिच्यात ब्वा क्लेरचा 1.6 किलोमीटरचा बोगदा आहे, आत भर ऑगस्टमध्येही गारेगार. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून सायकलस्वारांनी वरून डोंगर ओलांडायचा. वटवाघळांशी माझं वैर नाही, त्यांनी झोपावं. पण ज्या प्रदेशाला वटवाघळाच्या झोपेची इतकी फिकीर आहे, त्याला माणसाच्या तहानेचं काहीच कसं वाटत नाही? नळ आहे. पाइप भिंतीपर्यंत आलेला आहे. अर्ध्या इंचाचा एक तीन तोंडांचा जोड, दोन मीटर पाइप, भिंतीला एक भोक, बाहेर दाबायचा नळ. एका प्लंबरची एक सकाळ. शिवाय त्या नळाला झारी लागणार नाही, म्हणजे सासूबाईंचं सिंचन आपोआप वेगळं होईल. काही गावांनी हे केलंही आहे, आणि त्या गावांत सायकलवाले थांबतात, कॉफी घेतात, पैसे टाकतात. बाकीची गावं प्रत्येक वळणावर वाइनची पाटी लावतात आणि मग गिऱ्हाईक का थांबत नाही याचा विचार करतात. थांबेल कसा? त्याची जीभ टाळ्याला चिकटलीये.

वाइन विकत घ्यायचीच असेल तर वजन ध्यानात ठेवा: भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास. ती चढ संपल्यावर घ्यावी, कपड्यांत गुंडाळून मागच्या पिशवीत, आडवी. चाखताना थुंकायची चाल आहे आणि तिथे कुणी वाईट वाटून घेत नाही. उलट सराईत समजतात. मळ्यांच्या तळघरांत चाखणं पुष्कळदा फुकट असतं. पाणी मागितलं तर 33 सेंटीलिटरची बाटली फ्रिजमधून निघते आणि ती बिलात लागते. पण टेबलावर ग्लास विसळायला पाण्याचा जग ठेवलेला असतो, तो नळाचाच. तो मागावा. मात्र शेजारी तसंच दिसणारं दुसरं भांडं असतं, थुंकायचं. तहानेच्या भरात हात नेमका कुठे जातोय ते बघावं.